सुरीचं अपडेट: टोक जळालं, पण कातड्यात अडकायची थांबली

मंडळी, मागच्या वेळी लिहिलेलं की यंदा एकच सुरी पक्की करायची, हरणालाही तीच आणि कॅम्पवर लाकडालाही तीच. इथे विस्कॉन्सिनला हरणाच्या शिकारीचा गन सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, जेमतेम ९ दिवस, हातात ५ आठवडे उरलेत आणि त्यात मी पात्याचं टोकच जाळून ठेवलं.

सुरी तीच, १०९५ (हाय कार्बन स्टील) वाली, पाठ ४.८ मिमी. लाकडाला हिला तोड नाही, मनगटाएवढा ओक पाठीवर ठोकत उभा चिरला तरी धारेला काही होत नाही. पण कातडं सोलताना अडायची. हातावरचे केस उडतील अशी धार असूनही आत घातली की पाचरीसारखी रुतून बसायची. दोन महिने मी स्टीललाच दोष देत होतो. शेवटी कॅलिपर लावला तर धारेच्या लगेच मागे जाडी ०.९ मिमी, फारच जास्त! मग दगडावर कितीही घासा, पुढची रेघ तेवढी तीक्ष्ण होणार, मागचा खांदा तसाच.

म्हणून बेल्ट ग्राइंडरवर पातळ करायला घेतली. मधला भाग मस्त उतरला, पण टोकाशी लोखंड कमी, उष्णतेला जायला जागा नाही, पाण्यात बुडवायला क्षणभर उशीर झाला आणि टोक निळं पडलं. निळं म्हणजे साधारण ३०० डिग्री सेल्सियस, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलंच. दुसऱ्या दिवशी फळीवर टेकवलं तर चक्क वाकलं. फार जीव हळहळला.

मग ३ मिमी कापून टाकलं आणि उरलेलं सगळं हाताने, माउसपॅडवर १२० चा वॉटरपेपर, धार मागे ठेवून ओढत राहायचं, मार्करने रंगवून बघायचं कुठे घासतंय. चार संध्याकाळी गेल्या. पॅड दबतो त्यामुळे बेव्हल (धारेकडचा उतार) आपोआप गोलसर येतं, गावच्या जुन्या कोयत्याला घासून घासून येतं तसं. आता धारेमागे ०.४५ मिमी. त्यावर ४००, १००० आणि चामड्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड. ग्राइंडरला परत हात लावणार नाही, घाई असेल तरी.

शनिवारी शेजाऱ्याने बाणाने मादी पाडली आणि मला हाक मारली. पोट उघडताना कापलेल्या टोकाचा फायदाच झाला! नवीन टोक पाठीच्या रेषेच्या बरंच खाली आलंय, त्यामुळे कोथळ्याला कुठे टोचलं नाही. मग टांगून सोलायला घेतलं, केसांनी धार मरते म्हणून आतून बाहेर कापत गेलो, आणि तो पांढरा पातळ पडदा नुसता टेकवला की सुटत होता. शेजाऱ्याच्या मोरा कंपॅनियनचं (स्वस्त स्वीडिश सुरी) पातं २.५ मिमीचं, सोलायला त्या किमतीत दुसरं काही घेऊच नये असं माझं मत, पण माझी सुरी तिच्या बरोबरीने चालली.

संध्याकाळी त्याच धारेने ओक फोडला, एका गाठीवर धार किंचित वळली, चामड्यावर वीस हात मारले आणि सरळ झाली.

आता स्टेनलेस गार्बर्ग (मोराचीच दुसरी सुरी) मागवायचा विचार रद्द, रक्त पुसून तेलाचा हात फिरवला की १०९५ ला गंज येत नाही. अडचण आहे ती मुठीची. सीडब्ल्यूडीमुळे (हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) हातमोजे घालूनच काम करायचं आणि ते ओले झाले की मुठीचा गुळगुळीत मायकार्टा (रेझिनमध्ये दाबलेलं कापड) सरकतो. पॅराकॉर्ड (नायलॉनची दोरी) गुंडाळणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय रक्त त्यात मुरेल, धुताना वैताग. त्यापेक्षा मायकार्टालाच ८० चा पेपर मारून खरखरीत करतो, आज रात्रीच.