तुम्ही विचारलंत म्हणून: कोणी कोणासाठी थांबायचे?

प्रत्यक्ष वादक आणि संगणक यांच्यासाठी एकत्र रचना करताना कोणी कोणाच्या मागे जायचे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. माझ्यापुरते उत्तर ठरलेले आहे: थांबायचे ते संगणकाने.

इटालियन संगीतकार ब्रुनो मादेर्ना यांनी १९५२ मध्ये बासरीला ध्वनिफितीची जोड दिली. परंतु फीत कोणासाठी थांबत नाही, आणि कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, ऐकत वाजवणारा आजचा वादकही तसाच बांधलेला असतो. ठेक्याच्या संगीतात हे निभावते. एखादा स्वर किती लांबवायचा हे वादकावर सोपवायचे असेल, तर मात्र नाही. वाजणारे स्वर ऐकून स्वरलिपीतील जागा ओळखणाऱ्या प्रणाली बॅरी व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग या संशोधकांनी १९८४ मध्ये स्वतंत्रपणे मांडल्या. त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरीही स्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरला की अशी प्रणाली चकू शकते, म्हणून मी साध्या पेडलवर विसंबतो.

स्वरलिपीवर वर्तुळात क्रमांक असतात आणि त्या जागी वादकाने पायाने पेडल दाबले की संगणक त्या क्रमांकाचा टप्पा सुरू करतो. हे क्रमांक मी अवघड तानेच्या मध्यावर कधीच ठेवत नाही. श्वास घेण्याची जागा शोधतो. एकदा दाबल्यावर लगेच पुन्हा लागलेला पाय सॉफ्टवेअरने दुर्लक्षावा, एवढी तजवीजही करून ठेवतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक क्रमांकाने ध्वनिपातळी, प्रतिध्वनीचा विलंब, घुमारा अशी सगळी मूल्ये नव्याने मांडली पाहिजेत, केवळ आधीच्यापेक्षा बदललेली नव्हे. कारण तालीम क्वचितच पहिल्या स्वरापासून सुरू होते, आणि 'चौदापासून घेऊ' असे कोणी म्हटले की चौदाव्या क्रमांकाला तेरावा वाजलाच नाही हे ठाऊक नसते.

संगणकातून आवाज उशिरा येण्याबद्दलही विचारले जाते. संगणक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे मापे, घेत असेल आणि बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा गठ्ठा, २५६ नमुन्यांचा असेल, तर येण्याजाण्यात मिळून साधारण ११ मिलिसेकंद जातात, म्हणजे सहवादक साडेतीन-चार मीटरवर बसल्यासारखे. तेवढे वादक सहज सांभाळून घेतो. बफर १०२४ केला की हीच तफावत ४३ मिलिसेकंदांच्या आसपास पोहोचते, आणि स्वतःचाच बदललेला आवाज मागून ऐकणारा वादक त्याची वाट पाहत नकळत लय ओढू लागतो. अशा वेळी मी वादकाला काही सांगत नाही. बफर लहान ठेवून प्रक्रियाच हलकी करतो.