तीन बादल्या पाणी

सिस्टर म्हणजे नक्की कोण, हा घोळ मी इथं आल्यापासून निस्तरते आहे. मी नर्स, म्हणून सिस्टर. ज्यांच्या दवाखान्यात काम करते त्या संन्यासिनी, त्याही सिस्टर. त्यांना झगा आणि डोक्यावर ओढणी, मला सुती साडी आणि गळ्यात बारीक क्रूस. पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीनं विचारलं, "तू कोनती सिस्टर वो बाई? सुईची का देवाची?" मी म्हटलं, सुईची. तिला काही ते पटलं नाही. "मंग घरदार सोडून अठी कायले आली?"

'प्रापंचिक मिशनरी' हा शब्द वसईत चर्चच्या सूचनाफलकावर शोभतो. यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या अंगाच्या या गावात त्याचा अर्थ सांगायला बसलं की समोरचा उठून जातो. मी वसईची, तिथल्या कुपारी ख्रिस्ती समाजातली. सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयात काढली. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन विरारला गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन वर्षांसाठी म्हणून २०१८ च्या जूनमध्ये इथं आले. व्रतं घेतलेली नाहीत. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, हातखर्चाला थोडे पैसे, इतकाच व्यवहार. आम्हा वसईकरांना मिशनरी म्हटलं की संत गोन्सालो गार्सिया आठवतो. तोही धर्मगुरू नव्हता. व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला, आणि जपानी चांगली येत होती म्हणून फादरांचा दुभाषा. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला क्रूसावर चढवलं. मी आपली नाताळला घरी जाते.

दुभाष्याची गरज मात्र मलाही लागली. 'डोया' म्हणजे डोळा आणि 'काहून' म्हणजे का, इथपासून सुरुवात. मराठीच बोलणाऱ्या मुलखात येऊन मराठी शिकावी लागेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते.

सप्टेंबर होता. पोळा होऊन दहाएक दिवस झाले होते, गावात गणपती बसलेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या छातीच्या वर गेली होती. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक शेतकरी आणि मजूर गेले होते, त्यामुळे दवाखान्यात ॲट्रोपिनचा, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्याचा, साठा ठेवायचा हे सिस्टरांनी पक्कं केलं होतं. साठा म्हणजे काय, एक डबा. त्या दिवशी मोठ्या सिस्टर अमरावतीला गेलेल्या, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येणारे, आणि तो त्यांचा वार नव्हता. मी आणि मदतनीस पोरगी, दोघीच.

दुपारी अडीचच्या सुमाराला मोटरसायकल थेट ओट्यापर्यंत आली. मधे बसवलेला पोरगा दोघांच्या मधे नुसता अडकवलेला होता, बसलेला नव्हता. बावीस-तेवीसचा. तोंडातून फेस, अंगातून घामाच्या धारा, शर्ट पाठीला चिकटलेला. फवारणीचा पंप गळका असला की औषध पाठीवरून खाली कमरेपर्यंत उतरतं, आणि उन्हात घामानं उघडी झालेली कातडी ते पिऊन घेते. त्यात हा गडी मधेच थांबून त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला. वास आला तेव्हाच कळलं होतं, तरी त्याच्या भावानं फवारणीच्या औषधाचा डबा आणला होता म्हणून वाचून पाहिलं: प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी चव्वेचाळीस.

डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमच्या तीन ॲम्प्यूल एकदम शिरेत. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. घरघर कमी नसेल तर आधीच्या दुप्पट. नाडी ऐंशीच्या वर आणि छाती कोरडी होईपर्यंत थांबायचं नाही. मी सुई लावत होते, तोवर पोरगी कात्रीनं त्याचा शर्ट कापत होती. मग त्याला ओट्यावरच कुशीवर घेतलं आणि धुवायला लागलो. साबण, पाणी, परत साबण. मान, काखा, बोटांच्या बेचक्या, नखं. औषध केसांत फार बसतं, म्हणून डोकं तीनदा धुतलं. तीन बादल्या पाणी गेलं. १०८ ला फोन करून झाला होता. गाडी दुसऱ्या कॉलवर होती.

त्याची आई शेतातून धावत आली ती अनवाणीच. पाहिलं तर तीच, मला कोणती सिस्टर म्हणून विचारणारी. रडली नाही. पोराच्या पायांशी बसली, पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि सुरू केलं, "गण गण गणात बोते, गण गण गणात बोते."

आत खाटेवर घेतल्यावर त्याचा श्वास उथळ होत गेला आणि मग अडखळायला लागला. हातानं दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग काढली. मोठ्या माणसाला दर पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची. भिंतीवरचं घड्याळ सेल संपून सकाळपासून बंद पडलेलं (ते आजही कुणाला बदलायला वेळ होत नाही), आणि मनगटाकडे बघायला हात मोकळा नाही. म्हातारीचा जप मात्र एका चालीत चालू होता. तिचं दुसऱ्यांदा 'बोते' आलं की मी बॅग दाबायची. बरोबर बसत होतं. मी कॅथलिक बाई एका पोराला गजानन महाराजांच्या ठेक्यावर श्वास देत होते, हे मला तेव्हा जाणवलं नाही. हाताला ठेका हवा होता, तो मिळाला.

जाणवलं ते वेगळंच.

माझी आजी सुईण होती. तिच्या काळी बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ कब्रस्तानाच्या भिंतीच्या आत पुरत नसत. म्हणून अशक्त बाळ जन्मलं की फादर येण्याची वाट न बघता ती तांब्यातलं पाणी ओंजळीत घेई, बाळाच्या डोक्यावर सोडी आणि म्हणे, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." मी सात-आठ वर्षांची असताना हे दोनदा पाहिलं आहे. अडीअडचणीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी, फक्त हेतू सरळ हवा. हा ख्रिस्तसभेचा नियमच आहे. आजीनं तो मला शिकवून ठेवला होता, पोहायला शिकवावं तसा.

त्याच्या केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. गाडी येत नव्हती. डब्यात चार ॲम्प्यूल उरल्या होत्या. आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. खरंच सांगते, ओठ हलायला लागले होते.

इथं येण्याआधी आम्हाला जे शिकवलं त्यात यावर एक अख्खी दुपार होती. मोठ्या माणसाला, मरणाच्या दारातसुद्धा, त्यानं कोणत्या ना कोणत्या तऱ्हेनं तशी इच्छा दाखवली असेल तरच बाप्तिस्मा द्यायचा, आणि श्रद्धेतलं मुख्य ते त्याला थोडंतरी ठाऊक असायला हवं. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं मिशनकार्याच्या आदेशात बळजबरीच काय, आमिष आणि आडमार्गसुद्धा सक्त मना केले. हे सगळं मला पाठ होतं. पण त्या खाटेपाशी मला परिषद आठवली नाही. आठवली ती आजी, आणि ती म्हणत होती, अगं बोल पटकन. मला अडवलं ते त्या म्हातारीच्या हातांनी. ती त्याचं पाऊल धरून बसली होती, पोरगा तिचा होता, आणि ती तिच्या देवाशी बोलत होती. मी मधे कुठून शिरणार? चोरून शिरल्यासारखं झालं असतं. मी ओठ मिटले आणि बॅग दाबली. मनात प्रार्थना केली ती फक्त गाडी लवकर येऊ दे एवढीच. गाडी लवकर आली नाही. फोन केल्यापासून एक तास दहा मिनिटांनी आली.

पोरगा वाचला. अकरा दिवसांनी जिल्ह्याच्या रुग्णालयातून घरी आला, वाळून काडी झालेला.

पण त्याच्याआधी व्हिडिओ पोचला होता. मोटरसायकलवरच्या दोघांपैकी कुणीतरी मोबाईलवर वीसेक सेकंद काढले होते. गळ्यात क्रूस घातलेली बाई, ओट्यावर आडवा पोरगा, ती त्याच्या डोक्यावर तांब्यानं पाणी ओततेय. खाली काय लिहिलं होतं ते सांगत नाही, अंदाज येईलच. पाचव्या दिवशी सहा जण दवाखान्यात आले. चार पोट्टे, दोन जरा वयस्क. भाषा सभ्य होती, 'मॅडम' वगैरे.

"तुम्ही त्याच्या डोक्यावर पाणी टाकलं का?"

"टाकलं. तीन बादल्या."

"तोंडानं काही म्हटलं का?"

इथं माझी जीभ अडली. नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. पण माझा चेहरा खोटं बोलणाऱ्या माणसासारखा झाला असणार, कारण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खोटा आरोप झाला की माणूस छाती काढून उभा राहतो. माझ्यावरचा आरोप खोटा होता आणि तरी मला छाती काढता येईना.

तेवढ्यात म्हातारी आली. पोराचे कपडे न्यायला गावात आली होती, तिला कुणीतरी सांगितलं. तिनं आधी सगळ्यांना त्यांच्या बापाच्या नावानं ओळखलं. मग म्हणाली, "दाखव मले."

त्यानं मोबाईल पुढे धरला. आवाज बंद होता.

"आवाज वाढव नं बाप्पा."

वाढवला. बादलीचा खडखडाट, मी कुणावर तरी ओरडतेय, "साबण दे, दुसरी वडी काढ", आणि त्या सगळ्याच्या वर म्हातारीचा खणखणीत आवाज, गण गण गणात बोते. वीस सेकंद संपले.

"आयकलं? थो माह्या आवाज हाये. दोन वड्या साबन घासला इनं माह्या पोराले. साबन लावून कोनता धरम बदलते रे? तसं असन तं तुह्या मायनं तुले लहानपनी किती खेपा बाटवलं?"

एक पोट्टा हसला आणि त्याला दुसऱ्यानं कोपर मारलं. वयस्कांपैकी एक जाताना म्हणाला, आमचं लक्ष राहील मॅडम. राहिलंही. पुढचा महिनाभर ओपीडी निम्म्यावर आली, आणि एका सर्पदंशाच्या बाईला घरच्यांनी आमच्या दारावरून पुढे नेलं. ती वाचली, हे आमचं नशीब. त्यांचा राग मला येतो तो त्या बाईपायी. व्हिडिओपायी तेवढा येत नाही.

नाताळला वसईला गेले तेव्हा कुमसारात, म्हणजे पापनिवेदनात, हे सगळं फादरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "वाक्य म्हटलं नाहीस ना? नियमही माहीत होता. मग भांडण कुणाशी आहे तुझं, आजीशी?" त्यावर मी काही बोलले नाही. आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावायला गेले, तिथंही काही बोलले नाही.

जानेवारीत परतले. एका दुपारी म्हातारी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन ओट्यावर येऊन बसली. थंडीत इथं घरोघरी सोले निघतात, सोलेभात होतो, सोले-वांगं होतं. रुग्ण नव्हते. मी तिच्याजवळ बसले. पोरगा बरा होता, औरंगाबादला कंपनीत जायचं म्हणत होता, फवारणीला पाय ठेवणार नाही म्हणत होता. हे सगळं सांगून झाल्यावर तिनं शेंग सोलता सोलता, मान वर न करता विचारलं.

"त्या दिशी तुह्ये ओठ हालत होते. काय म्हनत होती?"

तिनं पाहिलं होतं. आणि त्या सहा जणांसमोर एक अक्षर काढलं नव्हतं.

मी सांगितलं. आजीसकट सगळं सांगितलं.

"म्हनली का मंग?"

"नाही."

"काहून?"

"त्याला विचारलं नव्हतं. तुम्हालाही नाही."

"त्याले इचारून काय फायदा, कोनतंच काम एका खेपेत आयकत नाई." चार-पाच शेंगा झाल्या. "म्हनून दाखव बरं, काय असते थे."

आल्यापासून कुणी मला माझ्या देवाबद्दल आपण होऊन विचारलं ते हे पहिल्यांदा. मला पाठ असलेलं वाक्य दोनदा चुकलं. मग म्हटलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

तिनं ऐकून घेतलं. "येवढंच?"

"एवढंच."

"म्या म्हटलं, लय मोठं असन." तिनं टोपली पायानं माझ्याकडे सरकवली. "हात चालव वो बाई, उगी बसून राह्यली. संध्याकायले सोलेभात करतो. येशीन का जेवाले?"