वर्गणीचा फॉर्म भरा, पण वाचून भरा

सध्या जत तालुक्यातल्या शिक्षकांचे मला एकाच विषयावर फोन येताहेत. "बाई, संघटनेची वर्गणी खात्यातून आपोआप जाणार म्हणे. सही करू का?" शाखेची कोषाध्यक्ष म्हणून माझं उत्तर आहे, करा. पण आधी फॉर्म नीट वाचा.

आपला तालुका केवढा पसरलाय ते तुम्हाला ठाऊक आहे. उमदीकडच्या वस्तीशाळेपासून डफळापूरपर्यंत पावती पुस्तक घेऊन फिरायचं म्हणजे शाखेचे निम्मे रविवार वसुलीतच जातात. बदल्यांची, पेन्शनची कामं मागे पडतात. त्यासाठीच जिल्हा शाखेने बँकेशी करार करून ही सोय आणली. एलआयसीचा किंवा घरकर्जाचा हप्ता जातो तीच ही व्यवस्था. पूर्वी त्यासाठी ईसीएस होतं, आता एनपीसीआय म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाची एनएसीएच आहे. आपण फॉर्मवर संमती द्यायची, तिलाच मँडेट म्हणतात, आणि त्यावरून बँक ठरल्या तारखेला पैसे वळते करते.

काही सर म्हणतात, त्यापेक्षा पगारपत्रकातूनच कपात करून घ्या, कटकट नको. मला ते अजिबात पटत नाही. पगारातून कपात म्हणजे कोण कुठल्या संघटनेत आहे याची यादी कार्यालयाच्या टेबलावर, आणि कपात चालू ठेवायची की बंद करायची हेही त्यांच्याच हातात. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी १४ ते २० तारखेपर्यंत आपण संपावर होतो. ज्यांच्याशी भांडायचं त्यांच्याच हातून संघटनेचा पैसा यावा, हे बरं नव्हे. मँडेट तुम्ही स्वतः देता आणि नको झाला तर स्वतः रद्द करता. मला ते मोलाचं वाटतं.

आता फॉर्म. रकमेच्या रकान्यात ठरलेली रक्कम की कमाल रक्कम, असं विचारलेलं असतं. ठरलेल्या रकमेवर खूण करा. वर्गणी वाढवायची तर आधी सभेत ठराव व्हावा आणि मग नवा मँडेट घ्यावा. कालावधीत 'वार्षिक' निवडा, 'मासिक' नको. शेवटची तारीख म्हणून तुमच्या निवृत्तीचा महिना टाका, म्हणजे अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर पेन्शनच्या खात्यातून वर्गणी जात राहणार नाही.

मासिक का नको? संखकडच्या एका सरांनी दरमहा पन्नास रुपयांचा मँडेट दिला होता, तारीख पाच. त्या महिन्यात पगार झाला अठरा तारखेला. खात्यात शिल्लक नव्हती, मँडेट परत गेला आणि बँकेने दंड लावला, वर अठरा टक्के जीएसटी. पन्नास रुपयांपायी वर्षाच्या वर्गणीच्या जवळपास रक्कम गेली. सर फोनवर चिडले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाई, हे बरोबर आहे का?" नाही, बरोबर नाही. आपला पगार एक तारखेला होत नाही हे शाखेला पक्कं माहीत आहे, मग पाच तारीख छापून कशी आली, हे मी जिल्ह्याच्या बैठकीत विचारलंय. आता वर्षातून एकदाच आणि महिनाअखेरीची तारीख ठरली आहे.

आणखी एक गोष्ट, सहीची. बरेच फॉर्म परत येतात ते सही न जुळल्यामुळे. नोकरीला लागताना बँकेत इंग्रजीत सही केली आणि पुढे सवय मराठीची पडली, असे आपल्यात पुष्कळ आहेत. बँकेत जी सही आहे तीच करा. खात्री नसेल तर आधी बँकेत नमुना सही बदलून घ्या.

ज्यांना कागद नको त्यांच्यासाठी यूपीआय ऑटोपे आहे, म्हणजे तोच मँडेट मोबाईलच्या पेमेंट ॲपमधून द्यायचा. पैसे जाण्याआधी किमान २४ तास मेसेज येतो आणि मँडेट ॲपमधूनच बंद करता येतो. तरुण शिक्षकांना मी तेच सुचवते.

वसुली सोपी झाली म्हणून पावती बंद होणार नाही. ज्याच्या खात्यातून वर्गणी आली त्याला पावती मिळेल, आणि जमाखर्च वार्षिक सभेत पूर्वीसारखाच वाचून दाखवला जाईल. तो ऐकायला या, प्रश्न विचारा.

पुढच्या शिक्षण परिषदेला मी कोरे फॉर्म घेऊन येते. येताना रद्द केलेला एक चेक सोबत आणा.