आजीचं लुगडं निळं नव्हतं

आजीच्या कपाळावरचं कुंकू फोटोत काळं कुळकुळीत दिसतं. ओठही काळपट. फोटो १९३९ सालचा, सोलापुरातल्या एका स्टुडिओतला. आजोबा खुर्चीत ताठ बसलेत, आजी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि मागच्या पडद्यावर रंगवलेले खांब नि कुठंच न जाणारा जिना. गेल्या दिवाळीत माझ्या चुलतभावानं तो कुठल्याशा अ‍ॅपमधून रंगीत करून भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आजीचं लुगडं निळं, कोट तपकिरी, खुर्ची तपकिरी, जिना तपकिरी आणि कुंकवाच्या जागी काळी टिकली. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, दोघीतिघींनी डोळे पुसले. आत्यानं मात्र मला फोन केला.

"अगं, आईनं जन्मात निळं नेसलं नाही. कुणाची बाई आणून उभी केलीय ही?"

आत्या आता ८८ वर्षांची आहे. फोटोच्या वेळी ती दोन वर्षांची होती आणि भोकाड पसरलं म्हणून तिला काकाबरोबर बाहेर पिटाळलं होतं, म्हणून ती फोटोत नाही. याचा राग अजून आहे.

मी छापखान्यात रंगाचं काम करते. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, संस्थांचे विशेषांक. लाल शालू छापल्यावर विटकरी आला की गिऱ्हाईक कसं भांडतं ते मला रोज बघावं लागतं. त्यामुळे आत्याची तक्रार मी हसण्यावारी नेली नाही.

आधी कुंकवाचं. त्या काळी स्टुडिओत बऱ्याचदा ऑर्थोक्रोमॅटिक काच (म्हणजे काचेवरची निगेटिव्ह) किंवा फिल्म वापरत. तिला निळा नि हिरवा दिसतो, लाल दिसतच नाही. फोटोग्राफरला ते सोयीचंच होतं, कारण अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून निवांत निगेटिव्ह धुता यायची. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून बाजारात होत्या, पण त्या धुवायला काळोख लागायचा. लाल दिव्याची सोय कोण सोडतंय! तर अशा फिल्मवर लाल ते काळं पडतं आणि निळं उजळतं. म्हणजे लुगडं खरंच निळं असतं, तर फोटोत फिकट आलं असतं. ते तर जवळजवळ कुंकवाइतकं गडद आहे.

अ‍ॅपला हे कुठून कळावं? ही यंत्रं काय करतात ते आम्हा छपाईवाल्यांना पटकन समजतं, कारण फोटोशॉपातला लॅब मोड आमच्या रोजच्या हाताखालचा. त्यात उजेड-अंधार एका थरात असतो आणि रंग उरलेल्या दोन थरांत. काळ्यापांढऱ्या फोटोत पहिला थर तेवढा असतो. उरलेले दोन यंत्र अंदाजानं भरतं. बर्कली विद्यापीठातल्या रिचर्ड झांग आणि मंडळींनी २०१६ साली असं एक काम प्रसिद्ध केलं. २०१८ मध्ये जेसन अँटिकचं डीओल्डिफाय हे फोटो रंगवणारं सॉफ्टवेअर आलं आणि तिथून हा खेळ घरोघरी पोचला. अंदाज करायला यंत्र शिकतं ते इमेजनेट नावाच्या संग्रहावर. त्याच्या नेहमीच्या वापरातल्या भागात तेराएक लाख फोटो नि हजार वर्ग, आणि त्या हजारांतले शंभरावर वर्ग निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचे! आमच्या इरकली लुगड्याला तिथं जागा कोण देणार? आणि यंत्राला खात्री नसली की ते सगळ्या शक्यतांच्या मधलं काहीतरी उचलतं. ते मधलं बहुधा मातकट तपकिरी निघतं. जुन्या फोटोतला माणूस म्हणजे तपकिरी, हा समज आता या अ‍ॅपांमुळेच पक्का होणार.

मग लुगडं कुठलं? काठ फोटोत स्वच्छ दिसतो, त्यावरची बारीक नक्षी चिक्की परासाची आहे. पदराचं टोक डाव्या खांद्यावरून थोडंसं पुढं आलंय आणि त्यावर पांढऱ्या दातऱ्या. म्हणजे टोप पदर, म्हणजे इरकल. पदर लाल रेशमाचा, हे सांगायला कुणाची गरज नाही. पण अंगाचा रंग? इरकल डाळिंबी असते, अंजिरी असते, हिरवी असते, काळी असते.

आत्या म्हणाली, "डाळिंबी. आणि माझ्यावर विश्वास नसेल तर गोधडी उसव."

आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, त्यातली एक आत्याकडं पंढरपूरला आहे. वरची बाजू धुऊन धुऊन विटलेली, कुठला रंग कुठला होता ते देवाला ठाऊक. आत्यानं स्वतः ब्लेड घेतलं आणि कोपऱ्यातले धावदोऱ्याचे टाके कापले. आतला थर उन्हात कधी आलेलाच नव्हता. पाचसहा बोटं रुंद पट्टी बाहेर ओढली तर गडद डाळिंबी, अजून तेल लावल्यासारखी चमकणारी, आणि कडेला वीतभर काठ शिल्लक. फोटो मोठा करून मोबाइलवर शेजारी धरला. नक्षी तीच. काठाच्या आतली पातळ दुहेरी रेघसुद्धा तीच. आत्या काही बोलली नाही, फक्त माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या.

त्या पट्टीचा फोटो मी दारात, सकाळच्या सावलीत, पांढरा कागद शेजारी ठेवून काढला. पिवळ्या बल्बखाली डाळिंबीचा विटकरी होतो.

रंग भरतानाची एक अडचण सांगते, कारण ती कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगत नाही. फोटोशॉपात आपण रंगाचा थर वर ठेवतो आणि त्याला कलर मोड देतो, म्हणजे खालचा उजेड-अंधार तसाच राहून फक्त रंग चढतो. पण खाली जर काळं असेल तर वर कितीही लाल ओता, काळंच. कुंकू लाल करायचं तर आधी तेवढा ठिपका कर्व्हनं, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणाऱ्या साधनानं, उजळावा लागतो. म्हणजे फिल्मनं जे नोंदवलं तेच बदलायचं. एरवी मी त्याला हात लावत नाही. इथं लावला, कुंकवाच्या लालीबद्दल शंका कुणाला? लुगड्यालाही थोडा लावला, कारण पट्टी समोर होती. हिरव्या बांगड्यांना गरज पडली नाही. त्या फोटोत आपसूकच फिकट आल्यात.

खरं भांडण झालं ते कातडीवरून. अ‍ॅपनं आजीला गुलाबी गोरी केली होती आणि ग्रुपवरच्या निम्म्या लोकांना तेच जास्त आवडलं होतं. एक वहिनी म्हणाल्या, "राहू दे की, छान दिसतायत." मला हे चीड आणतं. स्टुडिओवालेही हेच करायचे. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवायची, जिथं पेन्सिल चालते तिथं प्रिंटवर उजळ येतं. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. लाल न दिसणाऱ्या फिल्मनं सावळा माणूस आणखी सावळा करायचा आणि पेन्सिलीनं त्याला परत गोरा करायचा, अशी ती गंमत. त्यामुळे चेहऱ्याच्या करड्या छटेवर कुठल्याच बाजूनं विसंबता येत नाही. मी आत्याच्या कोपराच्या आतल्या बाजूचा रंग घेतला. "आई माझ्याच रंगाची, बाबा एक हात जास्त काळे," असं ती लहानपणापासून सांगत आलीय. आजोबा तसेच रंगवले. पुढच्या पिढीतल्या कुणाला लाज वाटत असेल तर त्यानं मूळ काळापांढरा लावावा.

काकूचा पहिल्या संक्रांतीचा फोटो मात्र अजब निघाला. १९५८ चा. काळी चंद्रकळा, गळ्यात, हातात, केसांत हलव्याचे दागिने. अ‍ॅपनं चंद्रकळा गडद निळी केली आणि हलव्याला पिवळट मोत्यांचा रंग दिला. मी निळा काढला, पिवळा काढला. काळं काळंच होतं, पांढरं पांढरंच होतं. काठाला लाल, कुंकू, हातांचा रंग आणि डोळ्यांच्या कडा एवढंच काम. फोटो तसा आधीपासूनच रंगीत होता म्हणायचा.

आमच्याकडं हातानं रंगवलेलाही एक आहे. आजोबा गेल्यावर मोठा करून घेतलेला. पारदर्शक फोटोकलर, कापसाच्या बोळ्यानं चोळलेला, ओठांना नि फेट्याला ब्रश. फेटा गुलबक्षी. आजोबांनी जन्मभर काळी टोपी घातली, फेटा लग्नात एकदाच, तोही मागून आणलेला. रंगवणाऱ्यानं गालावर लाली दिलीय ती तर तमाशाच आहे. पण तो फोटो मी रंगातून मोकळा करायला गेले नाही. पन्नास-साठ वर्षं घरानं त्यालाच हार घातलाय आणि त्या गुलबक्षी फेट्यालाच नमस्कार करून आम्ही परीक्षेला गेलोय.

बाकी कामाचं थोडक्यात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ६०० डीपीआय, टिफमध्ये, आणि काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीतच घ्या, म्हणजे डाग कुठले नि फोटो कुठला ते वेगळं काढता येतं. गडद भागात चंदेरी झाक दिसते ती वर आलेली चांदीच, पुसत बसू नका. मूळ स्कॅनची फाइल वेगळी ठेवा. रंगीत प्रत छापली तर मागं लिहा: काय कशावरून रंगवलं. माझ्या प्रतीमागं लिहिलंय, "लुगडं गोधडीवरून, रंग आत्याच्या हातावरून, कोट अंदाजे."

आता हातात आहे तो आजोबांचा कामावरचा फोटो. आजोबा बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडीच्या कारखान्यात फिटर होते. १८९७ ला सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची लाइन तेव्हा अजून कंपनीची होती, १९५४ साली सरकारनं ती घेतली. फोटो त्याच्या आधीचा. आजोबा डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे, काळी टोपी, धोतर, हातात पाना. टोपी झाली, धोतर झालं, हात झाले, पायरीवरचा गंजसुद्धा झाला. डबा मी करडाच ठेवलाय.

भावाला प्रिंट पाठवली तर म्हणाला, "ताई, अर्ध्यात रंग संपला का गं?"

म्हटलं, तो डबा डोळ्यांनी पाहिलेला माणूस आण, उरलेला त्याच दिवशी भरते. मला वाटलं विषय संपला. पण गडी कामाला लागलाय. परवा त्यानं कुर्डुवाडीच्या एका सद्गृहस्थांचा नंबर मिळवला, त्यांचे वडील त्याच कारखान्यात डब्यांना रंग मारायचे. रविवारी निघायचंय. आत्याही येते म्हणतेय.