दाजी पहिल्या पाळीला

रविवार, रात्री उशिरा

टेम्पो गेला. ‘सामान लागलं का गं?’ म्हणून बहिणीचा फोन येऊन गेला. लागलेलं नाही, रचलंय. नौपाड्यातलं तळमजल्यावरचं साडेसातशे फुटांचं घर, त्याला मागचं दार, दाराबाहेर पेरू, कपड्यांची दोरी आणि कंपाउंडची भिंत. त्या सगळ्याच्या बदल्यात सध्या कोपरीत तिसऱ्या मजल्यावर २८० फुटांचं वन आरके. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतो, पण त्या भाड्यात ठाण्यात जे बसतं ते हे. ताबा तीन वर्षांत, असं करारात लिहिलंय. करारात बरंच काय काय लिहिलेलं असतं.

माणसं तीन: मी, नवरा आणि सासूबाई. मांजरं तीन: दाजी, सुंठ, खारी. सुंठ आणि खारी या बहिणी, जुन्या बिल्डिंगच्या मीटरच्या खोलीत जन्मलेल्या. दाजी कुठून आला माहीत नाही. मागच्या दाराने आला, सरळ सासूबाईंच्या पाटावर जाऊन बसला आणि पहिला घास आपल्यालाच असणार अशा थाटात सगळ्यांकडे बघत राहिला. नाव त्याच दिवशी पडलं. तेव्हापासून घरात त्याच्याविषयी ‘दाजी आले’, ‘दाजी जेवले’ असंच बोललं जातं.

आत्ता तिघं मोरीत आहेत. टोपल्या गेल्या महिन्यापासून घरात उघड्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे आत बसताना फार तमाशा झाला नाही. रिक्षात मात्र तीन हात नाक्यापासून कोपरी पूल उतरेपर्यंत दाजींनी जो सूर लावला, त्याने रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. मोरीत सासूबाईंची जुनी गोधडी अंथरली आहे. मुद्दाम धुतलेली नाही. मांजराच्या गालांजवळ वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासतं ते लाडापुरतं नसतं, ‘हे आपलं’ असा शिक्का असतो. नवीन घरावर असा एकही शिक्का नाही. तेव्हा एका गोधडीपुरतं तरी जुनं घर सोबत.

सासूबाई म्हणाल्या, “मांजर घराचं असतं, माणसाचं नाही. बघ, पळेल तो.” थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “पण मांजरी पिल्लं सात घरं फिरवतेच की.”

मंगळवार

घर शोधताना झालेली दमछाक अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकते. एजंट फोनवर आधी जात विचारत नाहीत, आडनाव विचारतात. मग मासे खाता का. मग मी सांगायची की तीन मांजरं आहेत, आणि पलीकडे शांतता. “मॅडम, ओनरला कळवतो.” तो कधीच कळवत नाही.

भारतीय पशुकल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक मी प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलं होतं. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. छान आहे. पण ते घरात राहायला लागल्यावर सोसायटीच्या तोंडावर मारायचा कागद आहे. घरमालकाने घरच दिलं नाही तर ते कुणाला दाखवणार? जागा त्याची, अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स त्याचं, मर्जी त्याची. भाडेकरूच्या हातात हक्क पडेपर्यंत भाडेकरू दुसरीकडे गेलेला असतो.

शेवटी हे काका भेटले. रेल्वेतून रिटायर झालेले. तीन मांजरं म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, “उंदीर धरतात का?” मी म्हटलं, धरतात. सुंठने आजवर एक पाल धरली आहे, तीही सोडून दिली. पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

बुधवार

आज जाळीवाला आला. या बिल्डिंगीत सगळ्यांच्या खिडक्यांना कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आहे. नायलॉन खारीच्या दातांपुढे चार दिवस टिकेल. म्हणून ग्रिलला आतून लोखंडी जाळी बांधून घेतली, भोक पाडायला परवानगी नाही म्हणून तारेने. खाली वॉचमन म्हणाला, “कशाला खर्च करता, मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उभं राहतं.” उभं राहतं, पण हनुवटी आणि छाती आपटतेच. न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयाने १९८७ साली इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद छापली होती, त्यातली सुमारे ९० टक्के जगली. हा आकडा सगळीकडे कौतुकाने सांगतात. पण ही मोजदाद रुग्णालयात आणलेल्यांची. जी फुटपाथवरच संपली, त्यांना घेऊन दवाखान्यात कोण जाणार?

दाराचाही प्रश्न आहे. जुन्या घरी पुढची खोली, मधली खोली, मग दार. इथे दार उघडलं की थेट जिना. आता नियम असा, की बेल वाजली की आधी दाजी कुठे आहेत ते बघायचं, मग कडी काढायची. दूधवाल्याला वाटतं आम्ही काहीतरी लपवतो.

शुक्रवार, पहाट

झोप झालेली नाही. रात्री अकराच्या सुमारास दाजी रेतीच्या टबात गेले. बसले, उठले, रेती उकरली, परत बसले. थेंब नाही. बाहेर आले, पायाशी येऊन एक बारीक आवाज काढला, जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकलेला नाही, आणि परत टबात. नवऱ्याला वाटलं बद्धकोष्ठ. मला घाम फुटला. कारण बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. घर बदललं, पाहुणे आले, नवं जनावर आलं, अशा ताणानेही त्यांच्या मूत्राशयाला सूज येते; आणि त्यात कचरा साठून मार्ग बंद झाला तर लघवी तुंबते, विष अंगात भिनतं, एक-दोन दिवसांत खेळ खलास. मांजरीला हे सहसा होत नाही, बोक्याला होतं. हे मी वाचलेलं होतं आणि वाचलेलं सगळं एकदम आठवलं.

रात्री उघडा असलेला दवाखाना सापडला. डॉक्टर तरुण मुलगी. तिने दाजींना टेबलावर आडवं केलं आणि दोन बोटं पोटाखाली घालून हळूच चाचपलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. “तुंबलेलं नाहीये,” ती म्हणाली. “ब्लॅडर लहान आणि मऊ आहे. सूज आहे म्हणून सारखं जावंसं वाटतंय. तुंबलं असतं तर हाताला कडक लागलं असतं.” वेदनेवर औषध दिलं, पाणी जास्त जाईल असं ओलं खाणं द्यायला सांगितलं, आणि एकदाही थेंब न होता काही तास गेले तर फोन न करता सरळ घेऊन या म्हणाली.

मग विचारलं, घरात टब किती? दोन, मी म्हटलं. “तीन मांजरांना चार हवेत. जितकी मांजरं, त्यापेक्षा एक जास्त.” २८० फुटांत चार! घरी येऊन सांगितलं तर सासूबाई गादीवर उठून बसल्या. “चार संडास? आमच्या चाळीत अख्खा मजला रांगेत उभा असायचा.”

तरी तिसऱ्याची सोय झाली. ओट्याखाली सिलिंडरच्या शेजारी जी जागा मी कांदेबटाट्यांसाठी धरली होती, ती दाजींची. कांदेबटाटे पिशवीत घालून दाराच्या हुकाला लटकवले आहेत. चौथा टब करारातल्या ताब्यानंतर.

रविवार

दाजींची लघवी व्यवस्थित. हे वाक्य रोजनिशीत लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आज दिवसभर घरी होते, म्हणून नीट बघितलं. ओट्याच्या शेजारच्या खिडकीत सकाळी ऊन येतं, तेवढंच एक ऊन या घरात. सात वाजता तिथे दाजी. कठड्यावर बरोबर एकच मांजर मावतं. खारी फ्रिजवर बसलेली, शेपूट खाली सोडलेली, तोंड भिंतीकडे, जणू हिला खिडकीशी कर्तव्यच नाही. नऊच्या पुढे दाजी उठले, पुढचे पाय ताणले, मागचे ताणले, उडी मारून भांड्याकडे गेले. खारीने मान वळवली, पण हलली नाही. दाजींचं तोंड भांड्यात गेल्यावरच उतरली आणि खिडकीत बसली. गुरगुर नाही, पंजा नाही. सुंठ या सगळ्या वेळात माळ्यावर, दोन सूटकेसींच्या मध्ये. दुपारी माळा पत्र्यासारखा तापतो तेव्हा ती उतरते आणि माळ्यावर दुसरं कुणी चढत नाही. संध्याकाळी मोरीच्या दाराशी ओल्या फरशीवर परत दाजी.

माळ्यावर जायची वाट एकच आहे: ओटा, फ्रिज, माळा. वरची उतरत असेल तर खालची ओट्यावर थांबते, दुसरीकडे बघते, जाऊ देते. पॉल लायहाउझेन नावाच्या जर्मन अभ्यासकाने हेच लिहून ठेवलंय, की मोकळी फिरणारी मांजरंसुद्धा वाटा आणि बसायच्या जागा वेळेने वाटून घेतात. जुन्या घरात हे कधी दिसलं नाही, कारण तिथे गरजच नव्हती. प्रत्येकाला एकेक खोली आणि वर अंगण.

मी सासूबाईंना दाखवलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्या नायगावच्या बीडीडी चाळीत वाढल्या. १६० चौरस फुटांची खोली, माणसं नऊ. वडील गिरणीत रातपाळीला, धाकटा काका पहिल्या पाळीला. “काका पहाटे उठून गेला की बाबा येऊन त्याच वळकटीवर झोपायचे. अंथरूण गार व्हायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही पोरं दुपारी गॅलरीत, कारण बाबा झोपलेले. बायकांचं जेवण शेवटी, पण तेव्हा खोली आमची.” त्या चाळींच्या जागी आता टॉवर होतायत, १६०च्या बदल्यात ५०० फुटांची घरं. सासूबाईंना पाचशेचं कौतुक नाही असं नाही. पण आम्ही इथे आल्यापासून मी सारखी ‘जागा नाही, जागा नाही’ करते, तेव्हा त्या काहीच बोलत नाहीत. मला वाटायचं त्या मनाने हादरल्या आहेत. त्या हादरलेल्या नाहीत. त्यांना हे येतं.

मला येत नाही. साडेसहाला मोरीत नवरा, ओट्यापाशी मी, आणि दोघांचीही एकमेकांवर चिडचिड. परवा सासूबाईंनी फर्मान काढलं: सहा ते साडेसहा मी, मग तो, मग त्या; आणि तो दाढी करत असताना मी खोलीत पेपर वाचायचा, ओट्याला हात लावायचा नाही. दोन सकाळी शांततेत गेल्या. पेपर सात वाजेपर्यंत येतच नाही, ते वेगळं.

गुरुवार

ऑफिसातून येताना नौपाड्यात उतरले. पत्रे लागले. निळे, दहा फुटी, पेरूपर्यंत. आत काण्या आहे. काण्या म्हणजे आवारातला एक डोळा गेलेला बोका, जो दाजींच्या भीतीने कधी घरात आला नाही आणि त्यामुळे आमच्याबरोबर यायच्या यादीतही नव्हता. टोपलीत बसवायचा प्रयत्न नवऱ्याने केला होता, मनगटावर त्याची खूण अजून आहे. समोरच्या बिल्डिंगीतल्या एक बाई त्याला खायला घालतात. साईटवरचा वॉचमन बिहारचा मुलगा आहे, म्हणाला, “रोज आता है, मच्छी का डब्बा खोलो तो पहले वही.” त्या मुलाकडे काण्याच्या खाण्याचं पाकीट देऊन आले. तोडकाम सुरू झालं की काण्या मागच्या गल्लीत जाईल, तिथे दोन बोके आधीच आहेत. याला माझ्याकडे उत्तर नाही. बिल्डरशी झालेल्या करारात आवारातली झाडं किती, तीसुद्धा मोजून लिहिलेली आहेत. मांजरं कुणी मोजली नाहीत, आम्हीही नाही.

रविवार

घरमालक काका लाइटबिल द्यायला आले. ते द्यायला तिसरा मजला चढून कुणी येत नाही, व्हॉट्सअॅपवर टाकतात. घर बघायला आले होते. सकाळचे आठ. मी आवंढा गिळला, कारण दोन खुर्च्यांपैकी एकीवर कपड्यांचा ढीग आणि दुसरीवर, खिडकीत ढग म्हणून, दाजी.

काकांनी माळ्याकडे बघितलं नाही, फ्रिजवर बघितलं नाही. भिंती बघितल्या, नळ सोडून बघितला, श्वास ओढून वास घेतला. वास नव्हता, सकाळ-संध्याकाळ रेती चाळते मी, ते काय उगाच? मग म्हणाले, “तीन म्हणाला होतात ना? हे तर एकच दिसतंय.”

“हा पहिल्या पाळीचा,” सासूबाई म्हणाल्या. “त्या दोघी दुपारी लागतात.”

काका हसले, पण खुर्ची काही मोकळी झाली नाही. चहा त्यांनी ओट्याला टेकून, उभ्यानेच घेतला.