‘आकडा बोला, वहिनी’

कोल्हापुरात जुनं घर घ्यायला निघालं की मालक सगळ्यात शेवटी भेटतो. त्याच्या आधी एजंट, एजंटाच्या आधी त्याचा मित्र, आणि मित्राच्या आधी ‘मला फक्त चहापाण्याचं बघा’ म्हणणारा कुणीतरी. आम्ही घर बघतोय हे मी ऑफिसात एका मैत्रिणीला बोलले, तर आठवड्याच्या आत फोन सुरू. समोरच्याला आमचं बजेट, नवऱ्याची नोकरी, पोराची शाळा सगळं ठाऊक.

पहिला फ्लॅट नागाळा पार्कात बघितला. हवेशीर, दुसरा मजला, दर जरा कमीच. “पुराचं काय?” विचारल्यावर एजंट म्हणाला, “गेटपर्यंत पण आलं न्हवतं हो पाणी.” पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट, आणि 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. मी वाद घातला नाही, जिन्यात गेले. सगळ्या फ्लॅटचे लाईट मीटर पार्किंगमधून काढून पहिल्या मजल्याच्या वळणावर नेऊन बसवलेले, आणि खाली भिंतीवर जुन्या बोर्डाचे खिळे तसेच. समोरच्या इस्त्रीवाल्यानं तर हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला. तेव्हापासून कुठंही घर बघायला गेलो की आधी कोपऱ्यावरच्या दुकानात काहीतरी विकत घ्यायचं आणि मग घर बघायचं, असा शिरस्ताच पडला.

पाचगावकडंही काही घरं बघितली. “सिटीतच धरा,” असं प्रत्येक एजंट म्हणायचा. धरा म्हणजे काय? महापालिका 1972 ची, आणि आम्ही फिरत होतो तोवर हद्दवाढीच्या नुसत्या चर्चाच. तिकडं घर घेतलं की ग्रामपंचायत आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर. शिवाय काही प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेले. गुंठेवारी नियमित झाली असेल तर हरकत नाही; 2001 चा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामंही त्यात बसतात. पण तो नियमितीकरणाचा कागद दाखवा म्हटलं की “मिळंल की, त्यात काय!” एवढंच उत्तर. मिळेल तेव्हा बघू म्हणून आम्ही परत.

मग साने गुरुजी वसाहतीकडचं एक बैठं घर आलं. मागं आंबा, पुढं कार लागेल एवढी जागा, वर एक खोली. एका एजंटानं 68 लाख सांगितले. चार दिवसांत दुसऱ्या नंबरवरून फोटो आले, तेच गेट, तोच आंबा, दर 65. तिसऱ्यानं तर “तुम्ही किती घालणार ते सांगा, मी बसवतो” म्हणून आकडाच सांगितला नाही.

या धंद्यात ‘वरचे’ नावाचा प्रकार असतो. मालक सांगतो, मला हातात एवढे पाहिजेत. त्याच्या वर एजंट जितके काढेल ते त्याचे, कमिशन वेगळंच. साखळीत जितकी माणसं तितका दर वर चढतो. त्यामुळं ‘मी तुमच्यासाठी मालकाला खाली आणतो’ हे वाक्य ऐकून मला कधी आनंद झाला नाही. कित्येकदा तो मालकाला खाली आणत नसतो, स्वतःच लावलेले वरचे थोडे सोडत असतो. फसवणूक म्हणावी का? मी म्हणणार नाही. त्याचं पोट त्याच्यावर आहे, आणि तो कुणाच्याच बाजूचा नसतो. त्याला व्यवहार व्हायला पाहिजे असतो, बस्स. नवीन प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटाला महारेराचा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो. असल्या जुन्या घरांच्या व्यवहारात तसलं काही विचारणारं कुणी नाही.

पुढची वाक्यंही ठरलेली. “दुसरी पार्टी तयार हाय, उद्या टोकन टाकणार.” “आज 51 हजार टाका, कागद मागनं बघू.” मी पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते, दिवसभर दुसऱ्यांचे उतारे वाचते. कागद आधी, पैसे मागनं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या पार्टीनं घेतलं तर घेतलं, असं मी सरळ सांगितलं. ती पार्टी पुढं कधी दिसली नाही.

सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्ड काढलं. घर मालकांच्या वडिलांच्या नावचं. ते वारल्यावर मालक आणि त्यांच्या दोन बहिणी अशी नावं लागलेली. एका बहिणीचं हक्कसोडपत्र झालेलं, दुसरीचं नाव अजून कार्डावर. एजंट म्हणाला, “गडहिंग्लजच्या आत्या हायत, सोन्यासारख्या. कधी पण सही करतील.” करतील तर आधी करू देत, मी म्हटलं. वकिलांना 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या मागच्या व्यवहारांची आणि बोज्यांची तपासणी, करायला सांगितला आणि घरफाळ्याची थकबाकी किती ते बघून घेतलं.

भावाचा अंदाज मात्र माझा मीच काढला. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, त्यात मिळकत क्रमांक घालून जुन्या दस्तांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. शेजारच्या गल्लीत तसंच एक घर आदल्या वर्षी 54 ला नोंदलेलं. आता कागदावरचा आकडा म्हणजे खरा आकडा असं धरायचं नसतं, तेवढं मला कळतं. पण 68 ची भीती त्यानं गेली. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला दरही काढून ठेवला, कारण मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेकनरची किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर बसतं.

तोवर एजंट बोलायचा ते नवऱ्याशी. मी घर बघायची, स्वयंपाकघराची तारीफ करायची, एवढंच माझं काम असं त्यानं धरलेलं. घर माझ्या एकटीच्या नावावर होणार हे कळलं आणि त्याची मान वळली. कारण साधं होतं. महापालिका हद्दीत 5 टक्के मुद्रांक शुल्क आणि वर 1 टक्का स्थानिक संस्था अधिभार असे 6 टक्के लागतात. खरेदीदार फक्त बाई असेल तर त्यात 1 टक्का सवलत. नवऱ्याचं नाव दस्तात जोडलं की सवलत गेली. कर्जाला तो सहकर्जदार म्हणून राहू शकतो, बँकेची हरकत नसते.

एजंट मधून मधून फोनवर विचारायचा, “किती मागताय ते तेवढं सांगा.” मी नाहीच सांगितलं. एजंटाच्या हातून फक्त आकडा जातो, बाकी सगळं वाटेत सांडतं. मी एक पानभर मागणी लिहून काढली. किंमत 57 लाख. त्यातले 45 लाख बँकेचं कर्ज, मंजुरीचं पत्र सोबत. सगळी रक्कम बँकेतून. गडहिंग्लजच्या आत्यांचं हक्कसोडपत्र नोंद झाल्यावरच साठेखत, म्हणजे खरेदीपत्राच्या आधीचा करार. सर्च रिपोर्टमध्ये काही निघालं तर दिलेली रक्कम परत. घरफाळा आणि लाईट बिल ताब्याच्या दिवसापर्यंत मालकांचं. सोलर, बोअरची मोटर आणि टाकी घराबरोबर. शेवटची ओळ एजंटाची: कमिशन 1 टक्का, एकाच व्यक्तीला, निम्मं साठेखताला आणि निम्मं खरेदीपत्राला. हे पान मालकांसमोर बसूनच देणार, असं त्याला कळवलं. कुरकुर केली, पण बैठक बसवली.

रविवारी सकाळी त्या घरातच बसलो. मालक निवृत्त, मुलगा पुण्याला. चहा आला, आणि एजंटानं सुरुवात केली, “आकडा बोला, वहिनी. काकांची अपेक्षा 66 ची हाय.”

तेवढ्यात काकू ताटलीत बिस्किटं लावता लावता म्हणाल्या, “आम्हाला बाई बासष्ट हातात आले म्हणजे झालं. पोराच्या फ्लॅटचं तेवढंच राहिलंय.”

एजंटाचा कप ओठापाशी थांबला. मग त्यानं मोठ्यानं घोट घेतला आणि म्हणाला, “काकू, चहा लई झ्याक झालाय.”

त्यानंतर बोलणं सोपं झालं. काकांनी पान चष्मा लावून दोनदा वाचलं. 57 वर ते हसले, पण रागावले नाहीत. त्यांची खरी अडचण वेगळीच होती. पुण्याचा फ्लॅट दिवाळीनंतर मिळणार होता आणि मधल्या काळात भाड्यानं कुठं जायचं हा त्यांना घोर. आधी आलेल्या एका गिऱ्हाईकाला लगेच ताबा पाहिजे होता म्हणून ते बारगळलेलं. हे एजंटाला माहीत होतं, आम्हाला त्यानं कधी सांगितलं नाही. त्याच्या लेखी ती किंमत नव्हतीच. आम्हाला घाई नव्हती. खरेदीपत्रच दिवाळीनंतर करू, तोवर तुम्ही निवांत राहा, असं म्हटल्यावर साडेसाठला ठरलं.

उठता उठता एजंटानं नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. कागदावर 45 दाखवू, बाकीचे रोख, स्टॅम्प ड्युटी वाचेल, काकांचाही कर वाचेल. नवऱ्यानं त्याला माझ्याकडं पाठवला. मी हिशेब सांगितला: कागदावर 45 असले तर बँक 80 टक्क्यांनी 36 लाखच देणार, वरचे साडेचोवीस मी कुठनं आणू? शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेतले तर घेणाऱ्यालाच तेवढाच दंड बसू शकतो. हे काकांच्या कानावर गेलं आणि रोखीचा विषय त्यांनीच बंद केला. 50 लाखांच्या वरचा व्यवहार, म्हणून 1 टक्का टीडीएस, म्हणजे त्यांचा आयकर, किमतीतून मी कापून भरायचा हेही त्यांना तेव्हाच समजावलं. नाहीतर ऐनवेळी ‘साठ हजार कमी का आले’ म्हणून वाद होतात.

आत्या खरंच सोन्यासारख्या निघाल्या. एसटीनं आल्या, सही-अंगठा केला, आंब्याची एक पाटी मात्र दरवर्षी पाहिजे म्हणाल्या. ते पानावर लिहिलं नाही, पण कबूल केलंय.

खरेदीपत्राच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात पहिला, 68 वाला एजंटही हजर. “फोटो मी पहिल्यांदा पाठवलेत,” म्हणून त्याला हिस्सा पाहिजे. माझा फोटो आणि अंगठा होईपर्यंत दोघांची व्हरांड्यात जुंपलेली. मी पानावरची शेवटची ओळ दाखवली आणि ज्याचं नाव होतं त्याच्या खात्यात उरलेलं निम्मं पाठवलं. आपसांत काय वाटायचं ते वाटा. 30 हजार नोंदणी फी, शुल्काची पावती, इंडेक्स टू, सगळं फाईलला लावून घरी आलो.

दोन आठवड्यांनी, ज्याला कमिशन दिलं त्याचाच फोन. घरफाळ्याला नाव लावून देतो, पाच हजार द्या म्हणाला. अर्ज मी आदल्याच दिवशी देऊन आले होते.