काड्या सोडल्या तरी जागेवर उभारणारा ड्रोन : स्वस्तातला फ्लाइट कंट्रोलर निवडताना

ड्रोन वर न्यायचा, रिमोटच्या काड्या सोडायच्या आणि तो आहे तिथंच थांबला पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. खानापूर तालुक्यात आमचं भाताचं शेत आहे, शेजारी मामांचा ऊस. पावसात बांध कुठून फुटतो, पाणी कुठं तुंबतं, हे वरून बघायचं होतं. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र मागवता येतात. मी बेळगावात उद्यमबागेत सीएनसी मशीनवर असतो, त्यामुळे हत्यारांची आणि सोल्डरिंगची भीती नाही. ४५० मिलिमीटरची फ्रेम आणि ९२० केव्हीच्या (एका व्होल्टला मिनिटाला ९२० फेरे) मोटरी एका मित्राकडून स्वस्तात मिळाल्या. अडलं ते फ्लाइट कंट्रोलरवर, म्हणजे मोटरींना हुकूम देऊन ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या बोर्डावर.

बाजारात पहिल्यांदा समोर येतो तो केके नावाचा बोर्ड. छोटा स्क्रीन, चार बटणं, लॅपटॉपची गरज नाही. शिकायला चांगला, पण त्याला जीपीएस जोडताच येत नाही. काड्या सोडल्या की तो ड्रोन फक्त सपाट करतो. सपाट असणं आणि जागेवर असणं यात बराच फरक आहे. ड्रोन अगदी ओळंब्यात असला तरी वारा त्याला शेजारच्याच्या शेतात नेऊन सोडतो, आणि आमच्याकडचा वारा काही साधा नाही.

जागा धरायची तर तीन गोष्टी कळाव्या लागतात. उंची बॅरोमीटर सांगतो, जागा जीपीएस, आणि ड्रोनचं तोंड कुणीकडं आहे ते कंपास. तिसरी गोष्ट लोक हलक्यात घेतात. जीपीएसनं सांगितलं, ‘तू दोन मीटर उत्तरेला सरकलास, परत ये.’ पण दक्षिण म्हणजे आपल्या पुढं की डावीकडं, हे कंपासशिवाय कळणार कसं? कंपास तिरका असला की दुरुस्तीही तिरकी होते. ड्रोन गोल फिरायला लागतो आणि ते वर्तुळ वाढतच जातं. पुष्कळ जण तेव्हा बोर्डाला शिव्या घालतात, पण तिथं बोर्डाचा दोष क्वचितच असतो.

केके बाजूला ठेवल्यावर एपीएम २.८ या बोर्डाचा मोह झाला. जीपीएस चालतो, पोझिशन होल्ड म्हणजे जागा धरायची सोय आहे, घरी परतण्याची सोय आहे आणि किंमतही खिशाला परवडणारी. पण त्याचा प्रोसेसर ८ बिटांचा. बोर्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. मल्टिरोटरसाठी, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनसाठी, आर्डुपायलट या फर्मवेअरची ३.२.१ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, पुढच्या सगळ्या सुधारणांना तो मुकला. कुणाच्या कपाटात पडून असेल तर जरूर वापरावा. नव्यानं पैसे घालून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या टोकाला पिक्सहॉक २.४.८. बोर्ड दणकट, पोर्ट भरपूर. मी चौकशी केली तेव्हा नक्कल केलेला बोर्डसुद्धा जीपीएससकट दहा हजारांच्या पुढं जात होता. शिवाय नकलांमध्ये आत कुठली चिप निघेल याची खात्री दुकानदारही देईना.

मग मी उलटा विचार केला. आधी फर्मवेअर ठरवायचं, बोर्ड मागनं. माझ्यापुढं दोन पर्याय होते, आयनॅव्ह आणि आर्डुपायलट. आयनॅव्ह मांडणीला सोपं, रेसिंगवाल्या लहान बोर्डांवरही चालतं आणि जागा धरायचं काम नीट करतं. नवख्यानं तेच घेतलं तरी बिघडत नाही. मी आर्डुपायलट घेतलं ते त्याच्या लॉगसाठी, म्हणजे उड्डाणात साठवलेल्या आकड्यांच्या नोंदीसाठी. काय चुकलं याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आकडा बघावा, ही कारखान्यातली सवय. मायक्रोमीटर हातात असताना बोटानं जाडी कोण मोजतं?

फर्मवेअर ठरल्यावर बोर्ड आपोआप चाळले गेले. ३२ बिटांचा एफ४०५ प्रोसेसर, १६८ मेगाहर्ट्‌झ, १ एमबी फ्लॅश. एवढ्या जागेत आर्डुपायलट पूर्ण बसत नाही, काही सोयी गाळलेल्या असतात. पण लॉयटर म्हणजे जागा धरणं आणि आरटीएल म्हणजे घरी परतणं या दोन्ही शाबूत राहतात. मला बाकीच्यांशी कर्तव्य नव्हतं. खरी चाळण पुढं होती. रेसिंगसाठी काढलेल्या बऱ्याच एफ४०५ बोर्डांवर पैसे वाचवायला बॅरोमीटरच बसवलेला नसतो. काहींवर कंपास जोडायला लागणारे एसडीए आणि एससीएल हे दोन बिंदू बाहेर काढलेले नसतात. सीरियल पोर्ट निदान तीन मोकळे हवेत : एक जीपीएसला, एक रिसीव्हरला, एक टेलिमेट्रीला (उडताना ड्रोनचे आकडे खाली पाठवायला). लॉगसाठी एसडी कार्डाची खाच असली तर उत्तम. आणि बोर्डाचं नाव आर्डुपायलटच्या अधिकृत यादीत दिसलं पाहिजे. ‘सगळं चालतं सर’ हे विक्रेत्याचं उत्तर धरायचं नाही. बोर्ड चार हजारांच्या आत मिळाला.

जीपीएसमध्ये मात्र कंजुषी केली नाही. निओ-६एम सगळ्यात स्वस्त, पण तो फक्त अमेरिकेचे जीपीएस उपग्रह बघतो. एम८एन एका वेळी तीन प्रणालींचे उपग्रह धरतो, एम१० चार. कागदावरची अचूकता एम८एनची २.५ मीटर, एम१०ची १.५ मीटर. एम१० घेतला, आतच कंपास असलेला. यात एक गोम आहे. एम१०चे काही मॉड्यूल कंपासशिवायही विकतात, दिसायला हुबेहूब तसेच. तारा मोजायच्या. कंपास असला तर चारच्या जागी सहा तारा येतात.

पार्सल उघडलं तेव्हा मामा बसले होते. बोर्ड तळहातावर घेऊन म्हणाले, “एवढ्याशा पट्टीला किती घातलास?”

“जीपीएस धरून सहा हजारांच्या आत आहे, मामा.”

“असू दे की. पण वाऱ्यात उभारतंय काय नाही ते सांग.”

प्रश्न रास्त होता. जोडणीत मी सगळ्यात जास्त वेळ कंपासवर घालवला. कारखान्यात चारी बाजूंना लोखंड, घराच्या स्लॅबमध्ये सळ्या, म्हणून कंपासचं कॅलिब्रेशन गावाबाहेरच्या माळावर केलं. मोबाईल, घड्याळ, किल्ल्या लांब ठेवून ड्रोन सगळ्या कुशींवर फिरवला.

पण लोखंडापेक्षा मोठा शत्रू ड्रोनच्या पोटातच असतो. बॅटरीच्या तारांतून जोरात करंट गेला की त्याचं चुंबकीय क्षेत्र कंपासला ओढतं. हे मोजायला आर्डुपायलटमध्ये कंपासमॉट नावाची चाचणी आहे. त्यात पंखे उलटे करून एकेक जागा सरकवून बसवतात, म्हणजे ड्रोन वर न उडता खाली दाबला जातो. मी ड्रोन लाकडी बाजेला पट्ट्यांनी आवळला, सगळ्यांना पडवीत पिटाळलं आणि थ्रॉटल हळूहळू वाढवला. जीपीएस वरच्या पट्टीवर चिकटवलेला असताना अडथळा ५२ टक्के आला. ३० च्या आत असेल तर ठीक, ६० च्या वर गेला तर उडवूच नये, असा ढोबळ नियम आहे. बॅटरीच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, जीपीएस अॅल्युमिनियमच्या नळीवर चार-पाच इंच उंच नेला आणि परत चाचणी घेतली. १४ टक्के. त्या नळीला खर्च शून्य, भंगारातला तुकडा लेथवर कापला. जागा धरण्यात सगळ्यात मोठा फरक त्या नळीनं पाडला.

बॅरोमीटरचं काम लहानसं. पंख्यांचा वारा आणि ऊन थेट चिपवर पडलं की उंचीचा आकडा नाचतो. त्यावर जाळीदार स्पंजचा तुकडा ठेवला, भोक न बुजवता. थरथर किती आहे तेही लॉगमध्ये दिसतं : ३० च्या खाली बरं, ६० च्या वर धोका. एक पंखा तोल गेलेला निघाला. हलक्या पात्याला सेलोटेपचा तुकडा लावल्यावर आकडा उतरला.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघायचाच, ड्रोन कुठं उडवता येतो ते त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो गटात येतो. हौसेसाठी उडवायला त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी मागावी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. बेळगाव शहराजवळच्यांनी सांबऱ्याचा विमानतळ आणि लष्कराची हद्द ध्यानात ठेवावी. आमच्या बाजूनं भीमगडच्या अभयारण्याकडं मी ड्रोन नेतच नाही.

सुगी आटोपल्यावर रिकाम्या भाताच्या वाफ्यात पहिल्यांदा लॉयटर लावला. आधी अल्टहोल्डवर, म्हणजे फक्त उंची धरणाऱ्या मोडवर, दोन मिनिटं उंची तपासली, उपग्रह वीसच्या आसपास दिसले, मग बटण टाकलं. दहा मीटरवर काड्या सोडल्या. ड्रोन एकदा मागं झुकला, सावरला आणि थांबला. वाऱ्याची झुळूक आली की नाक वाऱ्याकडं वाकवायचा आणि हातभर सरकून परत यायचा. अगदी खिळल्यासारखा नाही. पाच मिनिटांत तो बैलगाडीएवढ्या जागेत इकडंतिकडं होत राहतो, आणि या पैशात यापेक्षा जास्त मागू नये. सेंटिमीटरची अचूकता हवी तर आरटीके (जमिनीवरच्या स्टेशनकडून दुरुस्ती घेणारा जीपीएस) लागतं, त्याचा हिशेब वेगळा. बंद खोलीत जागा धरायला खाली बघणारा ऑप्टिकल फ्लो सेन्सर लागतो, तिथं जीपीएस कामाचा नाही.

मामांनी वर बघत पहिलं विचारलं ते बॅटरी किती वेळ चालते. शांत हवेत बारा मिनिटं, वाऱ्यात नऊ. जागा धरायला तो सतत वाऱ्याशी झगडतो, त्यात करंट जातो. त्यांच्या उसाचा फड पुरा टिपायचा तर दुसरी बॅटरी लागणार, आणि ती कुणी घ्यायची यावर आमची बोलणी चालू आहेत.